धरलं

पंचगंगेच्या अलीकडे रस म्हणजे उसाचा,
पुलापलीकडे, शिरोलीत, लोखंडाचा.
मी तो दुसरा रस बनवला राजारामपुरीत,
आठव्या गल्लीत, भावाच्या झेरॉक्स दुकानावर,
सहा महिने, पंख्याखाली बसून.

चौदाशे अंशांचा रंग नेमका कोणता
यावर तीन आठवडे गेले.
ठिणगी जमिनीवर पडून कशी फुटते,
मळी सायीसारखी वर कशी धरते,
सगळं.
मान वळवली की भट्टी वळायला
वीस मिलिसेकंदांहून जास्त लागता कामा नये,
नाहीतर डोळे एक सांगतात, कान दुसरंच,
आणि माणसाला मळमळतं.
आमचा सगळा धंदाच
उशीर मारण्याचा.

पहिली चाचणी दस्तगीर शिकलगार यांच्यावर.
ओतकामात एकतीस वर्षं. डाव्या मनगटावर
भाजल्याचा डाग, पाच रुपयांच्या नाण्याएवढा.
त्यांनी टोपी घडी करून खिशात ठेवली,
चष्मा माझ्या हातात दिला
आणि डोक्यावर ते डबडं चढवून घेतलं.

"वास न्हाई," म्हणाले.
मी म्हटलं, वास नाही जमत अजून.
"धग बी न्हाई."
तरी भट्टी कलली तेव्हा उजवा पाय मागं गेला त्यांचा,
ऑफिसच्या लादीवर,
पाण्याच्या कूलरला लागला.
मी वहीत लिहिलं: पायाला पटलं.

मग लॅडल. लांब दांडी,
इकडे एक माणूस, तिकडे एक, मधे रस.
त्यांनी वाकून आपलं टोक धरलं.
"धर रं."
आणि थांबले.

तिकडच्या टोकाला कुणीच नव्हतं.
ते टोक मी गणिताला बांधलं होतं:
यांनी उचललं की तेही उचललं जाणार,
तेवढंच, त्याच क्षणी,
कुणाही माणसापेक्षा चोख.
"उचला मामा," मी म्हटलं, "आपोआप येतं."
"आपोआप कसं यील? त्यानं धरलं म्हणाय नको?"

कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते.
रस थंड होत होता,
थंड व्हायलाही मीच शिकवलं होतं त्याला.
लाल अक्षरं आली. वेळ संपली. गुण शून्य.
मामा वाकलेलेच.

तिकडे कोण असायचं, मी विचारलं.
"बंडा सुतार. आता गारगोटीला असतो, पोराकडं.
दिवसभर बोलायचा न्हाई. ह्यो एकच शब्द."

पुन्हा सुरू केलं. वही ठेवली,
चार पावलं चालून त्यांच्यासमोर गेले, वाकले,
हवेत दोन मुठी आवळल्या.
"धर रं."
मला काहीच दिसत नव्हतं. लादी, माझ्या चपला,
कूलरखालचं गळकं पाणी.
दांडी कुठे असेल याचा अंदाज घेतला,
हातात नीट बसली का बघितलं, आणि मग,
"धरलं."
मामा उठले. मी उठले.
देवाशपथ सांगते, खांदे भरून आले.
सहा साचे ओतले आम्ही
आणि एकदाही मनात आलं नाही की हे खोटं आहे,
यायला सवडच नव्हती.

त्याच रात्री भावाकडून तो शब्द बोलून घेतला.
'धर रं' ऐकलं की लगेच 'धरलं'. सोमवारी नेऊन दाखवला.
मामांनी ऐकला आणि दांडी सोडून दिली.
"ह्यो धरायच्या आधीच म्हणतोय.
असल्या गड्यासंगं मी न्हाई उचलायचो."

म्हणून आता बसते आणि उशीर घालते.
चारशे मिलिसेकंद: नुसतं यंत्र.
बाराशे: झोपलाय.
मधे कुठंतरी एक माणूस वाकतो,
हातमोजा दातांनी ओढून बसवतो,
पाय रोवतो, रसाकडे एकदा बघतो.

रविवारी गारगोटीची एसटी धरणार आहे.
त्यांनाच विचारायचं, नेमकं किती.
ते म्हणे बोलत नाहीत.